ज्ञानेश्वरीची वेलांटी कुणी खाल्ली?

समजा, शाळाप्रवेशाचं एक ॲप आहे. अर्जात मुलीच्या नावासाठी ३० बाइटची जागा ठेवली आहे आणि त्याहून जास्तीचं काही आलं तर गुपचूप कापून टाकायचं अशी व्यवस्था आहे. लिहिणाऱ्याने आपल्या परीने हिशेब नीट केला होता. नुसतं नाव तीस अक्षरांपुढे कशाला जाईल? रोमन लिपीत पाच-सहा नावं भरून पाहिली, सगळी ऐसपैस बसली. मग एका आईने फोनवर मराठी कीबोर्ड उघडला आणि ‘ज्ञानेश्वरी’ असं टाइप केलं. पावतीवर छापून आलं ‘ज्ञानेश्वर’. मुलीचा मुलगा झाला आणि पडद्यावर साधी सूचनाही नाही.

गोष्ट कल्पनेतली आहे, पण तिच्यातलं गणित तंतोतंत खरं आहे. ‘ज्ञानेश्वरी’त डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. संगणक मात्र ती अकरा चिन्हांत साठवतो: ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पायमोडकी खूण, व, र आणि शेवटी दीर्घ वेलांटी. आज जवळपास सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. अकरा त्रिक तेहतीस. तिसाव्या बाइटवर कात्री चालली की दहा चिन्हं उरतात आणि बळी जातो तो नेमका वेलांटीचा. रोमन लिपीत हेच नाव बारा अक्षरांचं आणि बारा बाइटचं. म्हणून चाचणीत कुणाला काही दिसलं नाही. जागा ३० ऐवजी ३२ बाइटची असती तर वेलांटीचे तीनपैकी दोन बाइट आत राहिले असते आणि नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटलं असतं. ते एका अर्थी बरं, निदान काहीतरी बिनसलंय हे कळलं तरी असतं.

तीन बाइट का, याचं उत्तर एसटीत बसताना सगळ्यांनाच कळतं: ज्याने आधी रुमाल टाकला त्याची जागा. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की ही अक्षरांना आकडे देण्याची पद्धत ठरली तेव्हा समोर इंग्रजीच होती. पुढे सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना आखली. जुनं इंग्रजी लिखाण जसंच्या तसं चालावं ही अट होती. त्यामुळे रोमन अक्षरांचा एका बाइटचा हक्क कायम राहिला आणि देवनागरीचे आकडे रांगेत पुढे असल्याने तिच्या वाट्याला तीन बाइट आले. एसएमएसची पद्धत वेगळी, पण तिथेही हेच. एका मेसेजला १४० बाइट मिळतात. त्यात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीची फक्त ७० चिन्हं. त्या सत्तरमध्ये काना, मात्रा, वेलांट्या सगळं आलं.

आता प्रश्न असा, की ॲप लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं का? त्याचं काम अर्ज, बटणं, याद्या, पावत्या यांचं. बाइट कुठे बसतात, प्रोसेसर काय गिळतो, मेमरी किती लांब आहे, हे बघायला ऑपरेटिंग सिस्टिम आहे, डेटाबेस आहे, ज्यांच्या जोरावर सारं उभं राहतं ती फ्रेमवर्क्स आहेत. मग त्याने खाली वाकून का बघावं?

हा वाद फार जुना आहे. १९५७ मध्ये आयबीएमने आपल्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा आणली. त्याआधीचे प्रोग्रॅमर यंत्राच्याच बोलीत बोलायचे: या खणातला आकडा उचल, त्या खणातल्यात मिळव, इथे ठेव. जॉन बॅकस यांच्या गटाने गणिती सूत्रासारखं लिहायची सोय केली आणि त्याचं यंत्रबोलीत भाषांतर करणारा कंपायलर बनवला. नवी भाषा रचणं हे त्यातलं सोपं काम होतं. हाताने लिहिलेल्या कोडइतका चपळ कोड एखादा प्रोग्रॅम लिहू शकेल, यावर जुन्या जाणत्यांचा विश्वासच नव्हता. म्हणून गटाने सगळ्यात जास्त घाम गाळला तो कंपायलर वेगवान कोड देईल यासाठी. तो दिला, आणि त्या दिवसापासून खालच्या मजल्याकडे न बघता काम करण्याची मुभा वाढतच गेली.

आज त्या इमारतीला इतके मजले चढलेत की मोजता मोजता चुकायला होतं. फोनमधलं ॲप फ्रेमवर्कवर, फ्रेमवर्क भाषेवर, भाषा तिच्या चालकप्रणालीवर, ती ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि सिस्टिम सिलिकॉनच्या तुकड्यावर. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला पायात किती सळ्या आहेत हे ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्याचं अडतही नाही. एरवी चिपची रचना शिकल्याशिवाय कुणी भाजीवाल्याचं खातंवहीचं ॲप लिहू शकला नसता.

फक्त एक आहे. पायातली ओल भिंतीतून वर चढते. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलवर काम केलेले आणि पुढे स्टॅक ओव्हरफ्लोच्या संस्थापकांपैकी एक झालेले जोएल स्पोल्स्की यांनी २००२ मध्ये हेच एका नियमाच्या रूपात मांडलं: खालची गुंतागुंत झाकणारं कुठलंही आवरण थोडंफार गळतंच. आवरणामुळे काम करण्याचा वेळ वाचतो, शिकण्याचा वाचत नाही. कारण ज्या दिवशी ओल दिसते त्या दिवशी रंगाचा डबा घेऊन उपयोग नसतो, पाणी कुठून येतंय ते बघावं लागतं.

ती ओल बघायची असेल तर संगणकावरचा कुठलाही ब्राउझर पुरतो. एफ१२ ही कळ दाबली की प्रोग्रॅमर लोकांची खिडकी उघडते. तिच्यात कन्सोल नावाच्या भागात ०.१ + ०.२ लिहून एंटर मारावं. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. लाखो रुपयांचं यंत्र असो की जुना लॅपटॉप, उत्तर हेच, आणि यंत्र बिघडलेलंही नाही. शंभर रुपये तिघांत वाटताना ३३.३३ च्या पुढे तीन लिहीतच राहावे लागतात, कारण एक तृतीयांश हा दशमान पद्धतीत पुरा मावत नाही. संगणक दोनच अंकांत मोजतो आणि त्याच्या त्या पद्धतीत एक दशांश मावत नाही. कुठेतरी तोडावं लागतं आणि तोडलं की कण सांडतो.

हा सांडलेला कण किती महागात पडू शकतो हे सांगायला २५ फेब्रुवारी १९९१ ची गोष्ट हमखास काढली जाते. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या दहरान इथल्या अमेरिकी छावणीचं रक्षण पॅट्रियट क्षेपणास्त्रांकडे होतं. तिथलं सॉफ्टवेअर वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो दशांश २४ बिटांच्या खणात तोडून ठेवलेला होता. एका टिकटिकीला चूक नगण्य. पण यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती आणि तेवढ्यात चूक साठून एक तृतीयांश सेकंदाची झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होतं. पॅट्रियटने आकाशात ते जिथे शोधलं तिथून ते अर्ध्या किलोमीटरहून लांब होतं, त्यामुळे यंत्रणेला तिथे काही दिसलंच नाही. २८ सैनिक गेले. फार वेळ चालू ठेवल्यास यंत्रणा चुकते ही सूचना आधी निघाली होती, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती हे तिच्यात नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी.

अशा गोष्टींचा एक तोटा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण कुठे क्षेपणास्त्रं बनवतोय! त्यापेक्षा दुकानाच्या बिलाचं बघावं. त्याच कन्सोलमध्ये १.००५ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करायला सांगितला, तर शाळेच्या नियमाने १.०१ यायला हवं. ब्राउझर १.०० देतो, कारण त्याच्या पोटात मुळात १.००४९९९… असा आकडा बसलेला असतो. एका बिलात एका पैशाचा फरक. दिवसाला हजारो बिलं फाडणाऱ्याच्या वहीत महिनाअखेरीस मेळ बसत नाही आणि हिशेबनीस रात्री जागतो. म्हणून पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्या यंत्रणा रुपये ठेवतच नाहीत, पैसे ठेवतात: साडेचारशे रुपये पन्नास पैसे नव्हे, ४५,०५० पैसे, पूर्णांकात. एवढी एक सवय लागली तरी निम्मं दुखणं जातं. तिच्यासाठी प्रोसेसर उघडून बघावा लागत नाही. अपूर्णांक गळतो, इतकंच माहीत असावं लागतं.

पूर्णांकही सगळेच सुरक्षित नाहीत. अधिक-उणे चिन्ह धरून ३२ बिटांच्या खणात मावणारी मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर थोडी. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या व्हिडिओने यूट्यूबवर हा आकडा ओलांडला आणि यूट्यूबने मोजणीचा खण ६४ बिटांचा केल्याचं गमतीने जाहीर केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांबद्दल जो आदेश काढला त्यात गंमत नव्हती. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, सबब वीज अधूनमधून बंद करावी, असा तो आदेश. सेकंदाचे शंभरावे भाग ३२ बिटांच्या त्याच खणात मोजत गेलं तर खण बरोबर दोनशे अठ्ठेचाळीस दिवसांनीच भरतो.

आता एक गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात कुणी मेलं नाही, काही पडलं नाही, फक्त लाखो लोक वर्षानुवर्षं पडद्याकडे बघत बसले.

जीटीए ऑनलाइन हा रॉकस्टार कंपनीचा खेळ २०१३ मध्ये आला. तो सुरू व्हायला वेळ लागायचा. काहींच्या संगणकावर पाच-सहा मिनिटं. खेळणारे तेवढ्यात चहा टाकून यायचे. एवढं मोठं आभासी शहर उभं करायचं म्हणजे वेळ लागणारच, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. २०२१ च्या सुरुवातीला एका प्रोग्रॅमरला ही समजूत पटेना. कंपनीशी त्याचा संबंध नव्हता आणि खेळाचा मूळ कोडही त्याच्याकडे नव्हता. त्याने विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. लोडिंग चालू असताना डिस्क स्वस्थ होती, नेटवर्क स्वस्थ होतं, ग्राफिक्स कार्डही स्वस्थ होतं. प्रोसेसरचा फक्त एक गाभा चार मिनिटं पूर्ण ताकदीने राबत होता. शहर उभं राहत नव्हतं, कुणीतरी एकटाच काहीतरी मोजत बसला होता.

खोदल्यावर जे निघालं ते असं. खेळातल्या दुकानात विकायच्या सुमारे ६३ हजार वस्तूंची एक यादी होती. दहा मेगाबाइटची साधी मजकुराची फाइल. ती वाचण्यासाठी सी भाषेतलं एक तयार फंक्शन वापरलं होतं. १९७० च्या दशकात जन्मलेल्या सी भाषेत मजकुराची लांबी कुठेच लिहून ठेवत नाहीत. शेवटी शून्य ठेवतात, आणि लांबी हवी असली की पहिल्या अक्षरापासून त्या शून्यापर्यंत चालत जाऊन मोजतात. हे फंक्शन यादीतला एक शब्द वाचायचं, पण त्याआधी मजकूर किती शिल्लक आहे हे बघायला फाइलच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. दुसरा शब्द, पुन्हा टोकापर्यंत. जेवायला बसलेल्या माणसाने प्रत्येक घासाआधी उठून पातेल्यात भात किती उरलाय ते बघून यावं, तसं.

एवढ्याने भागलं नाही. वाचलेली प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली आहे का हे तपासायला आतापर्यंतच्या सगळ्या वस्तूंशी एकेक करून ताडली जायची. ६३ हजार वस्तूंची अशी ताडाताड करायची तर जवळजवळ १९८ कोटी वेळा होते, आणि यादीत एकही वस्तू दोनदा आलेली नव्हती. त्या प्रोग्रॅमरने दोन छोट्या दुरुस्त्या केल्या: लांबी एकदाच मोजून लक्षात ठेवायची आणि वस्तू दोनदा येतच नसल्याने ती ताडाताड सरळ वगळायची. त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं लोडिंग एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला दहा हजार डॉलर दिले.

या प्रकरणात एक अवघड गोष्ट दडली आहे. ज्या कंपनीने इतकं मोठं त्रिमिती शहर घरगुती यंत्रांवर पळवून दाखवलं, तिच्याकडे संगणकाचं पोट ओळखणारी माणसं नव्हती असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. शिवाय सी भाषेतल्या मजकुराचा हाच सापळा स्पोल्स्की यांनी २००१ मध्येच एका लेखात दाखवला होता. त्यासाठी त्यांनी एका जुन्या विनोदातला रंगारी घेतला होता. तो रस्त्यावर पट्टे रंगवतो आणि रोज कमी कमी रंगवतो, कारण डबा पहिल्या जागीच ठेवलेला असतो आणि ब्रश बुडवायला दरवेळी तिथवर परत जावं लागतं. तो लेख प्रोग्रॅमर मंडळींत भरपूर वाचला गेला. वीस वर्षांनी रंगारी पुन्हा तोच. म्हणजे ज्ञान होतं, कुणी बघितलं नाही. यादी लहान असताना दोष दिसला नसेल, पुढे यादी फुगत गेली आणि ‘मोठा खेळ, वेळ लागणारच’ या वाक्याने सगळ्यांना गप्प केलं. खालच्या मजल्याची माहिती असणं एक आणि वर काही विचित्र वाटलं की खाली उतरून बघण्याची खोड असणं दुसरं. दुसरीची टंचाई जास्त आहे.

कुठे काय किती लांब आहे, याचा अंदाज ही त्या खोडीची पहिली पायरी. अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल झालेल्या, पहिल्या कंपायलरकारांपैकी एक असलेल्या ग्रेस हॉपर भाषणांत श्रोत्यांना फूटभर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेवढा जातो तेवढा तो तुकडा, सुमारे तीस सेंटिमीटर. वेळ हे शेवटी अंतर आहे, हे त्यांना हातात द्यायचं होतं.

तो नॅनोसेकंद ताणून एक सेकंदाचा केला तर स्वयंपाकघरात उभं राहून सगळं समजतं. प्रोसेसरच्या अगदी शेजारची छोटी मेमरी म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा: हात घातला, जिरं मिळालं, एक सेकंद. संगणकाची मुख्य मेमरी, जिला जाहिरातीत रॅम म्हणतात, तिथून आणायला दीडेक मिनिट, म्हणजे माळ्यावरचा डबा काढण्याइतका वेळ. एसएसडीवरून आणायचं तर एक अख्खा दिवस उलटून जातो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून आणायचं तर जवळजवळ चार महिने. आणि मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला विचारून उत्तर आणायचं तर वर्षं, तीही पाच-सहा. खऱ्या वेळेत ते दीडशे-दोनशे मिलिसेकंद असतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे, त्यामुळे जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत हे काम होणं शक्यच नाही. कितीही हुशार प्रोग्रॅमर ठेवला तरी.

कोडच्या ओळीत मात्र हे काहीच दिसत नाही. जिरं घेणारी ओळ आणि अमेरिकेला जाणारी ओळ सारख्याच लांबीच्या असतात.

यातूनच प्रत्येक आयटी कंपनीतला तो नेहमीचा संवाद जन्माला येतो: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ साठ मुलांच्या वर्गाचं निकालपत्रक काढायचं आहे. फ्रेमवर्क डेटाबेसकडून आधी मुलांची यादी आणतं आणि मग प्रत्येक मुलाचे गुण आणायला पुन्हा जातं. एकसष्ट फेऱ्या. एकाच चिठ्ठीवर सगळं सामान लिहून पोराला वाण्याकडे एकदा धाडण्याऐवजी गुळाला वेगळं, साखरेला वेगळं, हिंगाला वेगळं पाठवावं, तसं. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच यंत्रात असतो, म्हणजे वाणी शेजारच्या खोलीत. फेऱ्या झाल्या हे कळतही नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे ॲप प्रत्यक्ष वापरात आल्यावर, वाणी दुसऱ्या शहरात जातो, एका फेरीला तीस मिलिसेकंद लागतात आणि साध्या पानाला दोन सेकंद. मग सर्व्हर मोठा घ्या म्हणून वरून फर्मान निघतं. वाणी तिथेच राहतो, पोराला फक्त महागडे बूट मिळतात.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती कच्ची नाही. आजचे कंपायलर बहुतेक ठिकाणी माणसाच्या हातच्या यंत्रबोलीपेक्षा सरस कोड देतात. खालचं फार माहीत असलेला प्रोग्रॅमर कधी कधी घातकही ठरतो: जिथे एक मिलिसेकंद वाचून कुणाचंच भलं होणार नाही तिथे तो तीन दिवस घालवतो आणि नंतर येणाऱ्याला न कळणारा कोड मागे ठेवतो. डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ मध्येच वेगाच्या या अवेळी हव्यासाला बऱ्याच दुखण्यांचं मूळ म्हटलं होतं. लग्नाच्या हॉलचं बुकिंग सांभाळणाऱ्या ॲपला प्रोसेसरशेजारच्या छोट्या मेमरीची चिंता नको. तिथे ग्राहकाचं म्हणणं नीट ऐकणारा माणूस जास्त कामाचा. ‘सगळ्यांनी यंत्राची बोली (असेंब्ली) शिकलीच पाहिजे’ म्हणणाऱ्यांत थोडा अंश आमच्या वेळच्या उन्हातान्हाचा असतो, हेही खरं.

तेव्हा हट्ट सगळ्या मजल्यांचा नको. एक मजला खालचा पुरेसा आहे, आणि त्यातही ओल येते ती ठिकाणं मोजकी: अपूर्णांक, आकड्यांच्या मर्यादा, मजकुराचे बाइट, अंतर आणि वेळ. डेटाबेस वापरणाऱ्याला आपली क्वेरी किती फेऱ्या मारते हे बघता यावं. मराठीत नावं घेणाऱ्याला यूटीएफ-८ कळावं. सिलिकॉनचं शास्त्र चिप बनवणाऱ्यांवर सोडावं.

मराठी लेखणीच्या माणसांना तर मजकुराच्या बाबतीत जास्तच जागं राहायला हवं. ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना सगळे सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं तर यंत्र सरळ ‘आढळलं नाही’ म्हणतं. आणि अडाणीपणाची ही मक्तेदारी फक्त लहान कंपन्यांची नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तेलुगू जोडाक्षर आलं की आयफोनमधली ॲप्स धडाधड बंद पडत होती. अक्षर कुठलं? ज्ञा. आपल्या ज्ञानेश्वरीतलंच, फक्त तेलुगू लिपीत आणि मधे एका अदृश्य चिन्हासह. बंगाली आणि देवनागरीतल्या काही जोड्यांनाही तीच बाधा असल्याचं उघड झालं. ॲपलला त्यासाठी ११.२.६ ही स्वतंत्र सुधारित आवृत्ती काढावी लागली.

हे शिकवलं जात नाही असं नाही. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या कित्येक तुकड्यांनी ८०८५ च्या किटवर बोटांनी आकडे दाबून दोन संख्यांची बेरीज केली आहे, जर्नल उतरवलं आहे, व्हायवाला रजिस्टरांची नावं धडाधड सांगितली आहेत. सबमिशन झालं की ते सारं संपतं. मग नोकरीसाठी जावा किंवा पायथनचा क्लास लागतो. तिथे वेब, डेटाबेस, फ्रेमवर्क सगळं येतं. त्या दोन वर्गांमधलं दार कुणी उघडत नाही. १९७६ ची चिप शिकवणं वाईट नाही. तुमच्या पायथनमधल्या बेरजेचं शेवटी हेच होतं, हे वाक्य कुणी उच्चारत नाही, ते वाईट.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९८ पासून हे दार मुद्दाम उघडं ठेवलं. रँडल ब्रायंट आणि डेव्हिड ओ’हॅलरन यांनी संगणक ‘बनवणाऱ्याच्या’ ऐवजी ‘त्यावर लिहिणाऱ्याच्या’ बाजूने शिकवायला घेतला आणि त्यातूनच पुढे त्यांचं गाजलेलं पाठ्यपुस्तक आलं. त्यात एक प्रयोग आहे: विद्यार्थ्याला मूळ कोड नसलेला एक ‘बॉम्ब’ प्रोग्रॅम मिळतो आणि यंत्रबोली वाचून तो निकामी करायचा असतो. इस्रायलच्या नोआम निसान आणि शिमोन शॉकेन यांचा ‘नँड टू टेट्रिस’ हा अभ्यासक्रम तर मोफत आहे. एका साध्या तार्किक द्वारापासून (लॉजिक गेट) सुरुवात करून विद्यार्थी आपला संगणक, आपला कंपायलर आणि शेवटी त्यावर चालणारा खेळ स्वतः उभा करतो. इंग्रजी झेपत असेल तर हे घरबसल्या करता येतं.

आता कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यावर हे सगळं कशाला, असंही विचारलं जातं. साधन नावासाठी तीस बाइट सुचवू शकतं. तीस का, हे विचारणारा माणूसच लागतो.

आणि विचारायला एक तारीख आत्ताच हाताशी आहे. कित्येक यंत्रणा काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत, आणि जुन्या रचनांत हे सेकंद त्याच ३२ बिटांच्या खणात पडतात. लिनक्सने २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीत ३२ बिटी यंत्रांसाठीही हा खण भरण्याच्या अडचणीतून वाट काढली. पण खाली दुरुस्ती झाली म्हणून वर आपोआप होत नाही. मायएसक्यूएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधला ‘टाइमस्टॅम्प’ हा तारखेचा प्रकार अजून त्याच मर्यादेत अडकलेला आहे. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता कुणी त्या प्रकारात साठवायला गेला तर डेटाबेस ती तारीख घेणार नाही. कर्जाची, विम्याची, निवृत्तिवेतनाची ॲप्स लिहिणाऱ्यांनी आपले रकाने आजच तपासावेत. खण भरण्याचा क्षण ठरलेला आहे: मंगळवार, १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला ३२ बिटी घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवेल.